एकच बैल उरलाय, जोडीदार घ्यावा का सरळ टिलर?

कड्याखालचा:

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसता वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गाव अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या खालच्या पट्ट्यात. (विदर्भातलं अकोला नाही हो, आपलं नगरचं म्हणजे आता अहिल्यानगरचं अकोले, दर वेळी सांगावं लागतं.) गाव कसलं, वाडीच, पंचवीसेक घरं. मी कल्याणला कंपनीत, महिन्या दीड महिन्यातून घरी चक्कर. घरी आबा नि आई दोघंच. जमीन अडीच एकर पण सलग नाही, भाताची सतरा खाचरं आहेत एकाखाली एक, काही तर खाटेएवढी, मधले बांध कुठं गुडघ्याएवढे कुठं कमरेएवढे. वर माळाला थोडी नागली आणि वरई. डांबरी रस्ता वाडीपर्यंत आला पण तिथून शेतात उतरायला पायवाटच.

आबांकडे डांगी जोडी होती, हरण्या आणि मण्या. हरण्या फेब्रुवारीत गेला. दिवाळीपासूनच वाळत चाललेला, शेण पातळ, डांगीची कातडी कशी तेल चोपडल्यासारखी असते ती पार खरखरीत झाली, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबावी तशी सूज. आबांनी ओळखीच्या माणसाकडून तापल्या लोखंडाचा डाग देऊन घेतला, दोन दिवस सूज उतरल्यासारखी वाटली, परत आली. मग एका सकाळी बसला तो उठलाच नाही.

आता मण्या एकटा. जुळून (म्हणजे सगळे दात येऊन) चार वर्षं झाली असतील, अंगानं बरा आहे. पण एका बैलाचं औत होत नाही हे तुम्हाला काय सांगायचं. राब (रोपांची जागा) भाजून झालेत, पंधरा वीस दिवसात दाढ टाकायची म्हणजे रोपांसाठी भात पेरायचं, आणि आमच्याकडे पाऊस एकदा लागला की श्वास घेऊ देत नाही. भरपूर पावसाचं घाटघर आमच्यापासून लांब नाही, म्हणजे कल्पना येईल.

आबा म्हणतात जोडीदार आण. मी म्हटलं मण्याला पण विकू आणि छोटा टिलर घेऊ. त्यावर आबा म्हणाले टिलर शेण टाकतो का, आणि उठून गेले. दोन दिवस आमचं बोलणं बंद, जेवताना आईच्या मार्फत निरोप चालू आहेत. अनुभवी लोकांनी जरा सांगा, भावनेत वाहून न जाता.

भातगिरणी:

भाऊ मी भोर साइडचा, आमच्याकडेही अशीच खाचरं. तीन वर्षांपूर्वी बैल विकून सात एचपीचा वीडर म्हणजे छोटा टिलरच घेतला, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. एक गोष्ट आधी सांगतो, जी दुकानदार सांगत नाही. त्या मशीनचं वजन शंभर किलोच्या आसपास. सपाट रानात लोण्यासारखं चालतं. पण तुझी सतरा खाचरं म्हणजे सोळा बांध, आणि प्रत्येक बांधाला ते उचलून खाली द्यायचं, चिखलात, पाऊस चालू असताना, पाय सरकत असताना. आम्ही दोघं भाऊ आणि एक गडी, तरी पहिल्या वर्षी माझ्या नडगीला हँडल लागून सहा टाके पडले. बैलाला काय, जू सोडायचं, नांगर खांद्यावर घ्यायचा, बैल आपला आपण उडी मारून उतरतो.

चिखलणीला साधी चाकं चालत नाहीत, लोखंडी जाळीची लावावी लागतात, ती वेगळी घ्यायची. पेट्रोल तासाला लिटरभर धरून चाल. बेल्ट तुटला, प्लग काळा पडला की मेकॅनिक तालुक्याला, आणि नेमकं तेव्हाच सगळ्या तालुक्याची मशीनं त्याच्याकडं रांगेत. अनुदानासाठी महाडीबीटीवर (सरकारी वेबसाइट) अर्ज टाक पण या पावसाआधी हातात पडेल या भरवशावर राहू नको.

एवढं असूनही मी परत बैल घेणार नाही. का तर सप्टेंबरपासून मे पर्यंत मशीन कोपऱ्यात ताडपत्रीखाली गप पडून असतं. खायला मागत नाही. मी लग्नाला चार दिवस जाऊ शकतो. तुझे आबा किती वर्षांचे ते लिहिलं नाहीस, पण टिलर धरून चालायला पण ताकद लागते बरं का, हादरे बसतात, रात्री हात वळत नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या हातात टिलर देऊ नको एवढं नक्की सांगतो. तो तू येऊन चालवणार असशील तरच घे.

माणदेशी_खोंड:

राम राम. आटपाडी भागातला आहे, घरात तीन पिढ्या खिल्लार. पहिली सूचना, जोडीदार घ्यायचाच ठरला तर आमच्या खिल्लारच्या नादी लागू नका. दिसायला राजा आहे, पण तो कोरड्या हवेचा, तुमच्या चार महिन्याच्या चिखलात त्याची खुरं टिकणार नाहीत, खोकत बसेल. डांगीचं काळं टणक खूर आणि तेलकट कातडं त्या पावसासाठीच बनलंय. घोटीचा बाजार तुम्हाला जवळ, तिथंच डांगी मिळतील.

दुसरं म्हणजे शर्यतीतून काढलेला बैल स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी गळ्यात मारेल, घेऊ नका. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतीला परत परवानगी दिली, तेव्हापासून आमच्याकडं आदत (अजून दुधाचे दात असलेल्या) खोंडाचे भाव कुठल्या कुठं गेलेत, शेतकऱ्याला औताचा बैल घेणं मुश्किल झालंय. आणि शर्यतीला न चाललेला बैल असतो ना, त्याला नांगराला जुंपला की तो पहिलं तास (नांगराची चर) संपायच्या आत झेंडा दिसल्यासारखा सुटतो. आमच्या चुलत्यानं असा एक आणला, नांगर, चुलता आणि शेजाऱ्याचं डाळिंबाचं कुंपण, तिन्ही एकाच दिवशी गेलं. चुलता वाचला.

आता जोड लावायची कशी ते नीट ऐका, यातच लोक फसतात.

तुमचा मण्या कुठल्या अंगाला चालायचा, हे आधी आबांना विचारा. नांगराला एक बैल तासातनं चालतो, दुसरा न नांगरलेल्या रानावरून. वर्षानुवर्षं एका अंगाला चाललेला बैल दुसरीकडं जुंपला की बावचळतो, मानेनं जोडीदाराला ढकलत राहतो. म्हणजे तुम्हाला नुसता बैल नकोय, त्या मोकळ्या अंगाचा बैल हवाय. बाजारात हे कोण सांगत नाही, विचारावं लागतं, आणि सांगितल्यावर सुद्धा जुंपून बघावं लागतं.

उंची. वशिंडाला वशिंड लावून बघा. चार बोटाचा फरक असला तरी जू तिरकं बसतं आणि सगळं ओझं बुटक्याच्या खांद्यावर येतं, आठ दिवसात खांदा येतो, म्हणजे सुजतो.

चाल. मण्या दांडगा चालणारा असेल आणि नवा मंद, तर मण्या रोज पुढं ओढणार. दोन मंद बैल चालतील, एक तेज एक मंद नाही चालत.

दात बघायचेच. चार दाती म्हणजे चौसा घेतला तर शिकवून घ्यावा लागतो पण पुढं दहा वर्षं काम देतो. जुळलेला घेतला तर लगेच कामाला, पण विकणारा का विकतोय ते शोधा. अर्धे बैल खोडीपायी बाजारात येतात, कुणी मारका, कुणी औतात बसका, कुणी जू बघितलं की मान खाली घालतच नाही. बसका सगळ्यात वाईट. आदल्या दिवशी पोटभर खायला घालून आणलेला असतो, तुमच्यासमोर चार पावलं झकास चालतो, घरी नेऊन जुंपला की तासात बैठक मारतो. म्हणून म्हणतो जुंपून, भरलेली गाडी ओढायला लावून बघा, ब्रेक बांधून. नाही म्हणाला तर तिथनं निघा.

हेडे लोक (जनावरांचे दलाल) उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव करतात, तुम्हाला ती भाषा येत नसेल तर कळणारा माणूस सोबत न्या आणि स्वतः गप राहा. कानात बारा आकडी बिल्ला आहे का बघा, त्याशिवाय आता व्यवहाराला अडचण येते.

हिशोबवही:

सगळ्यांचा मान ठेवून बोलतो, हे सगळं वाचायला छान आहे पण गणित कुणी मांडत नाही. मी परभणीचा. डोंगराळ भातशेतीत नांगरणी, चिखलणी, फळी, माळावरची नागली सगळं धरलं तरी बैलाचे कामाचे दिवस चाळीसच्या वर जात नाहीत. खाण्याचे दिवस ३६५. एक बैल दिवसाला सात आठ किलो वाळला चारा खातो, दोन बैलांचा वर्षाचा पाच टनाच्या पुढं जातो, पेंड वेगळी. पेंढा घरचा आहे म्हणून फुकट धरता, पण तो विकला असता तर?

आणि शेवटाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. २०१५ च्या कायद्यापासून बैल पण कापायला बंदी आहे. आधी म्हातारा बैल विकून त्यात भर टाकून नवा घेता यायचा, ते चक्र तुटलं. कायदा बरा का वाईट यात मला इथं शिरायचं नाही, धागा तिकडं नेऊ नका प्लीज. पण बैल घेताना त्याची शेवटची सहा सात वर्षं पण तुम्हालाच सांभाळायची हे धरून घ्या. माझ्या गोठ्यात आत्ता एक आहे, कामाचा नाही, सकाळी मी गेलो की उठून उभा राहतो, औताला न्यायला आलो असं वाटतं त्याला. कडबा टाकतो आणि येतो. मी ट्रॅक्टरवाला आहे, हे ही सांगतो.

एक सुचवतो, एका बैलाचं कोळपं (तण काढायचं अवजार) मिळतं, त्यावर काही जमेल का?

माणदेशी_खोंड:

@हिशोबवही कोळपं आंतरमशागतीला हो, कापसात तुरीत. भाताच्या खाचरात एकटा बैल चिखल करणार कसा, पोटापर्यंत रुततो. पण म्हाताऱ्या बैलाचं बोललात ते बरोबर.

आवणीवाली:

मी इगतपुरीकडची, सासर त्रिंबक बाजूला. सगळ्यांनी बैलाचे दात मोजले, पेट्रोल मोजलं, एक गोष्ट कुणीच विचारली नाही. दादा, तुमच्या आईला विचारलंत का?

रागावू नका. आमच्या घरी बैल माझ्या सासऱ्यांचे. पोळ्याला खांदे लोण्यानं मळणार सासरे, शिंगांना बेगड लावणार सासरे, फोटो सासऱ्यांचा. बाकी ३६४ दिवस शेण काढणं, गोठा झाडणं, कापून आणलेलं गवत डोक्यावर आणणं आणि उन्हाळ्यात पाणी, हे सासू आणि मी. तुमच्याकडं पाऊस कितीही पडो, एप्रिल मे मध्ये विहिरी तळाला जातात हे मला माहित आहे, आमच्याकडं तेच. एक बैल उन्हाळ्यात तीस चाळीस लिटर पितो. म्हणजे दुसरा बैल आणला की आईच्या दोन अडीच हंडे जास्त, रोज. चरायला सोडायचं म्हणाल तर तुमच्याकडं अभयारण्याची हद्द, गुरं कुठं न्यायची नाही न्यायची याची कटकट वेगळी, आणि गुरांमागं जायला पोरं आहेत कुठं, पोरं कल्याणला.

मी बैलाच्या विरुद्ध नाही. माझं म्हणणं एवढंच की जो शेण काढतो त्याचं पण मत घ्या.

आता कामाचं सांगते. लगेच विकत घ्यायचीच काय घाई? वाडीत अजून कुणाचा एकटा बैल नाही का? लंपीच्या साथीनंतर, २०२२ नंतर, आमच्याकडं तर चार घरांत एक एकच राहिला होता. आम्ही सावडीनं केलं. आमचा एक, शेजाऱ्याचा एक, मिळून जोडी. मराठवाड्याकडं याला वारंगुळा म्हणतात ना?

भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून, पाऊस लागला की आधी चिखल कुणाचा. दोघांची दाढ एकाच दिवशी तयार झाली की संपलं, आठ दिवसात रोपं जाड होतात, गाठी पडतात, फुटवे कमी. आम्ही पहिल्या वर्षी यावरून इतके भांडलो की गणपतीला एकमेकांकडं गेलो नाही. दुसऱ्या वर्षी सासूनं तोड काढली. शेजाऱ्यानं हळवं म्हणजे लवकर येणारं भात घेतलं आणि दाढ आठ दिवस आधी टाकली. आम्ही गरवं म्हणजे उशिरा येणारं घेतलं, दाढ उशिरा. त्याची रोपं एकवीस बावीस दिवसाची झाली की दोन्ही बैल सलग त्याच्याकडं, मग सगळे आमच्याकडं. आणि मजूर सुद्धा तेच, आवणीला म्हणजे रोपं लावायला बाया त्याच, आज तुझ्याकडं उद्या माझ्याकडं, कुणाला रोजगार द्यायचा नाही, जेवण फक्त.

आणि ज्याच्या शेतात काम त्या दिवशीची वैरण त्याची. हे आधी बोलून घ्या. नंतर बोललं की वाईट दिसतं.

भातगिरणी:

ताईंचं वाचून गप्प बसलो. आमच्याकडं बैल विकायचा निर्णय खरं तर आईनंच लावून धरला होता, मी वर तो भाग लिहिलाच नाही.

गोठा_डॉक्टर:

पशुवैद्यक आहे, भाताच्या पट्ट्यात बरीच वर्षं काम केलंय. उशिरा आलो पण एक महत्त्वाचं राहून गेलंय म्हणून लिहितो, बैल घ्या न घ्या, आधी हे करा.

तुम्ही हरण्याचं जे लिहिलंय, पावसाळ्यानंतर हळूहळू वाळणं, पातळ शेण, जबड्याखाली मऊ सूज जी उतरते आणि परत येते, हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते लिव्हर फ्लूकचं. चपटे जंत असतात, पानासारखे, काळजात म्हणजे यकृतात राहतात. बैल न बघता खात्रीनं सांगता येणार नाही, पण चित्र अगदी तसंच आहे. त्यांचं अर्धं आयुष्य खाचरातल्या, ओढ्याकाठच्या बारीक गोगलगायींच्या पोटात जातं. तिथून ते पाण्याकाठच्या गवताला चिकटतात, गवत जनावराच्या पोटात. रक्त कमी होत जातं, अंगातलं प्रोटीन कमी होतं, मग पाणी सुटून जबड्याखाली उतरतं. डाग देऊन त्याला काही होत नाही, जनावराला चटका तेवढा बसतो. आबांना दोष देत नाहीये, गावोगाव हेच करतात आणि जवळ दवाखाना नसला की माणूस हाताला येईल ते करतो.

आता मुद्दा असा की मण्यानं पण तेच गवत खाल्लंय. तो अंगानं बरा दिसतोय याचा अर्थ तो मोकळा आहे असा नाही. त्याचं ताजं शेण डबीत घालून दवाखान्यात तपासायला द्या. औषध वजनावर असतं, साधं जंताचं औषध आणून पाजलं आणि झालं असं समजू नका, सगळी औषधं या जंतावर चालत नाहीत. जाणं जमत नसेल तर १९६२ ला फोन करा, फिरत्या दवाखान्याची गाडी येते. आणि नवा किंवा शेजारचा बैल जोडीला येणार असेल तर त्याचं पण करा, नाहीतर एकाचं दुसऱ्याच्या रानात. ओढ्याकाठचं गवत कापताना पाण्यात बुडालेला बुंध्याचा भाग सोडून वरून कापा, आणि तसलं गवत ओलं न घालता चांगलं वाळवून घाला, धोका कमी होतो.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाच्या आधी, म्हणजे आत्ता. जून उजाडला की उशीर झाला.

खांद्याबद्दल. वर कुणीतरी खांदा येतो म्हणालं. महिनोन् महिने न जुंपलेल्या बैलाचा खांदा मऊ पडलेला असतो. फेब्रुवारीपासून मण्याच्या मानेवर जू नाही. पहिल्याच दिवशी आठ तास चिखलात ओलं जू घातलं तर चौथ्या दिवशी कातडं सोलणार. आधी कोरड्यात रोज तासभर, आठवडाभर जुंपा. जुवाचा खांद्यावर येणारा भाग हातानं चाचपून बघा, कुसळ, गाठ, खिळ्याचं डोकं असेल तर साळून घ्या. जखम झालीच तर भरेपर्यंत जुंपायचं नाही. जळकं ऑइल, बॅटरीचं पाणी असलं काही लावायचं नाही, मी हे सगळं लावलेलं बघितलंय.

पिकलं_पान:

वय वर्षे ७४, नातवाच्या मोबाईलवरून. आमच्या वेळी बैल मेला की सुतक पाळल्यासारखं घर असायचं, चूल पेटायची नाही. बाकी डॉक्टरांनी सांगितलं ते खरे. खुरासणीची पेंड घाला मण्याला, तुमच्याकडं खुरासणी होते. आणि हुलगे भिजवून, मूठ दोन मूठ, जास्त नको. चिखलणीच्या आधी पंधरा दिवस सुरू करा म्हणजे ताकद धरतो.

कड्याखालचा:

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. शनिवार रविवार गावी जाऊन आलो, काय झालं ते सांगतो.

आधी आईला विचारलं. चुलीपुढं बसली होती, मी म्हटलं तुला काय वाटतं बैल का मशीन. तिला वाटलं मी चेष्टा करतोय. मग म्हणाली, "मला कोण इचारतंय म्हणून मी काय सांगू." थोड्या वेळानं आपणहून बोलली. बैल नको असं नाही तिचं. पण हरण्या गेल्यापासून तिचं कंबरेचं दुखणं कमी झालंय, हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं कारण बैल मेल्याचं बरं वाटतं असा अर्थ निघेल म्हणून. आबा तिथंच बसले होते. काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पहिल्यांदा हंडा घेऊन झऱ्यावर तेच गेले. आई म्हणाली बघूया किती दिवस.

मग पाण्याचं ठरलं. झऱ्यापासून गोठ्यापर्यंत पाइप टाकायचा, अंतर मोजलं, साडेतीनशे फूट भरलं, झरा वर आहे त्यामुळे मोटर लागणार नाही. हे टिलरच्या पैशात सहज बसतं. लाज वाटली की हे मला दहा वर्षांत सुचलं नाही.

वाडीत चौकशी केली तर खालच्या आळीच्या तात्यांकडं एकटा बैल निघाला, त्यांचा जोडीदार त्यांनी लेकीच्या लग्नात विकला. आबांचं आणि तात्यांचं बांधावरून जुनं काहीतरी आहे त्यामुळे आबांनी नावच काढलं नव्हतं. मीच गेलो. तात्या म्हणाले बैल देतो पण आधी माझं. मी आवणीवाली ताईंची युक्ती सांगितली. त्यांचं हळवं, आमचं काळभात उशिराचं असतंच. दाढ दहा दिवसाच्या फरकानं टाकायची ठरली. वैरणीचं पण बोलून घेतलं. विकत घ्यायचं दिवाळीनंतर बघू, राजूरचं डांगी जनावरांचं प्रदर्शन डिसेंबरात असतं, तोवर आबांचं नि आईचं काय ठरतंय ते पण कळेल.

मण्याचं शेण डबीतून राजूरला देऊन आलो. रिपोर्ट आला, डॉक्टर साहेब तुमचं खरं निघालं, त्याच्यात पण अंडी सापडली. औषध पाजलंय, लस पण झाली. तात्यांच्या बैलाचं शेण उद्या जाणार आहे. आबांना हरण्याचं तेच असणार असं सांगितलं तेव्हा ते गोठ्यात जाऊन बसले बराच वेळ.

रविवारी सकाळी दोघांना कोरड्या खाचरात जुंपून बघितलं. माणदेशी दादा, मण्या तासातला, उजव्या अंगाचा. तात्यांचा पण उजव्याच अंगाचा निघाला! मण्या जू बघितल्याबरोबर स्वतःहून उजवीकडं जाऊन मान खाली घालून उभा राहिला. तात्यांचा पण तिथंच घुसायला लागला. दोघं एकाच जागेसाठी ढुसण्या देतायत आणि हे दोन म्हातारे दोन्हीकडून ओरडतायत, माझा बैल बदलणार नाही म्हणून. यावर काही उपाय आहे का?

माणदेशी_खोंड:

आहे पण वेळ लागतो. दोघांपैकी जो वयानं लहान आणि शांत त्याला डावीकडं घ्या. नांगराला नको, आधी नुसता ओंडका ओढायला लावा, रोज थोडा थोडा. आणि गोठ्यात पण आत्तापासून त्याच बाजूला बांधा, दोघं शेजारी शेजारी, तात्यांचा लहान असेल तर मण्या उजवीकडं. वैरण एकत्र टाका. बारा पंधरा दिवसात बहुतेक लाइनीवर येतो. म्हाताऱ्यांचं मात्र माझ्याकडं औषध नाही.

आवणीवाली:

तात्यांच्या बैलाला रात्री तुमच्या गोठ्यात बांधणार म्हणजे शेण परत आईच काढणार ना? तात्यांना सांगा सकाळी येऊन काढायला.

कड्याखालचा:

ताई आत्ताच फोनवर सांगितलं. तात्या म्हणाले येतो, पण चहा लागेल. आई म्हणाली चहा देते.